पार्किन्सन रोगावरील औषधांचे रक्तवाहिन्यांवरील दुष्परिणाम

पार्किन्सनच्या रोगावर, म्हणजेच कंपवातावर, दिल्या जाणाऱ्या औषधांचा मुख्य हेतू मेंदूतील डोपामाइन या रासायनिक संदेशवाहकाची उणीव भरून काढणे हा असतो. तथापि डोपामाइनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी केवळ मेंदूत नसतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती, मूत्रपिंडे आणि रक्तवाहिन्यांना आज्ञा पोहोचविणाऱ्या तंत्रिकांची टोके येथेही त्याचे ग्राही आढळतात. त्यामुळे हातापायांचा ताठरपणा व कंप कमी करणारे औषध त्याच वेळी रक्ताभिसरणावरही परिणाम करते. उभे राहताच रक्तदाब उतरणे, घोट्यांवर सूज येणे, मांड्या-पिंढऱ्यांवर निळसर-जांभळी जाळीदार नक्षी उमटणे हे त्यांतील नेहमी आढळणारे परिणाम होत. आता जवळजवळ मागे पडलेल्या एका औषधगटाने तर हृदयाच्या झडपांना कायमची इजा केल्याचे सिद्ध झाले आहे.

यांपैकी बहुतेक परिणाम ओळखता येतात आणि वेळीच ओळखले तर आटोक्यातही येतात. अडचण ओळखण्याचीच असते. वृद्ध माणसाला चक्कर आली की ती वयावर किंवा अशक्तपणावर ढकलली जाते आणि मूळ कारणाकडे लक्ष जाते ते बहुधा खुब्याचे हाड मोडल्यानंतर.

रक्तदाब सावरण्याची शरीराची व्यवस्था

निरोगी माणूस आडवा असताना उठून उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात व पायांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढ्यापुरते कमी होते. मानेतील रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाबाची नोंद घेणारी संवेदनाकेंद्रे असतात. ती हा बदल तत्काळ टिपतात व मस्तिष्कस्तंभाला कळवितात. तेथून अनुकंपी तंत्रिकांमार्फत आज्ञा सुटते, तंत्रिकांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाचे ठोके किंचित वाढतात. हे सारे काही सेकंदांत घडते आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पार्किन्सनच्या रोगात हीच व्यवस्था खिळखिळी झालेली असते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले तेव्हा त्याचा भर कंप, पुढे झुकलेली चाल आणि स्नायूंचे दौर्बल्य यांवर होता. आज हे कळले आहे की, मेंदूतील पेशींत साचणारे अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन अनुकंपी तंत्रिकांतही साचते. हृदयाला जाणाऱ्या या तंत्रिका विरळ होत जातात आणि एमआयबीजी नावाच्या किरणोत्सर्गी चाचणीत ही झीज स्पष्ट दिसते. नॉरॲड्रेनॅलिनचा साठाच कमी असल्याने उभे राहण्याच्या क्षणी रक्तवाहिन्या पुरेशा आकुंचन पावत नाहीत.

म्हणून रक्तदाब उतरण्याचा सारा दोष औषधांच्या माथी मारणे बरोबर नाही. औषध न घेणाऱ्या, नुकतेच निदान झालेल्या रुग्णांतही हा दोष आढळतो. औषध मात्र आधीच ढिल्या झालेल्या व्यवस्थेवर आणखी भार टाकते. एकाच गोळीने एका रुग्णाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला अंधारी येते, याचे कारण पुष्कळदा गोळीत नसून रुग्णाच्या तंत्रिकांच्या स्थितीत असते.

उभे राहताच रक्तदाब उतरणे

डॉक्टर ज्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात ती ही अवस्था होय. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० मिलिमीटर किंवा खालचा १० मिलिमीटर अथवा त्याहून अधिक उतरला, तर ती आहे असे मानतात. पार्किन्सनच्या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला ती असते. रोग जितका जुना व वय जितके अधिक, तितके हे प्रमाण वाढते.

लक्षणे सांगताना मराठीत आपण चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी, गरगरणे असे अनेक शब्द जवळजवळ एकाच अर्थी वापरतो. वैद्यकीय दृष्टीने मात्र ते एक नव्हेत. सभोवतालच्या वस्तू फिरताना दिसणे म्हणजे गरगरणे. ते बहुतेक वेळा कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाशी निगडित असते. उभे राहताच डोळ्यांपुढे काळोखी येणे, डोके हलके होणे, आता पडतो की काय असे वाटणे ही रक्तदाब उतरण्याची खूण. रुग्णाने किंवा घरच्यांनी डॉक्टरांना नेमका शब्द सांगितला तर निदानाचा निम्मा मार्ग तेथेच सरतो. काही रुग्णांना अंधारी येतच नाही. त्यांना उभे असताना मान व खांदे भरून येतात, पाय गळतात, बोलण्यात गोंधळ होतो आणि आडवे झाले की बरे वाटते. पुष्कळांना तर कोणतेच लक्षण जाणवत नाही, पडल्यावरच कळते.

हा त्रास दिवसभर सारखा नसतो. सकाळी उठताना तो सर्वाधिक असतो. भरपेट जेवणानंतर आतड्यांकडे जास्त रक्त वळते, तेव्हा तो पुन्हा डोके वर काढतो. उन्हाळा, कढत पाण्याने केलेले स्नान, शौचाला कुंथणे, ताप, जुलाब, निर्जळी उपवास यांनी तो वाढतो. औषधाचा डोस घेतल्यानंतरच्या तास-दोन तासांतही तो दिसू शकतो. एकदा दवाखान्यात मोजलेला रक्तदाब चांगला आला म्हणून ही अवस्था नाहीच, असा निष्कर्ष काढता येत नाही. डॉक्टरांकडे बहुधा रुग्णाला खुर्चीत बसवूनच रक्तदाब मोजतात, तेव्हा ही घट दिसण्याची शक्यताच उरत नाही.

लेव्होडोपा

लेव्होडोपा हे या रोगावरील सर्वांत प्रभावी औषध होय. १९१३ मध्ये मार्कुस गुग्गेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकला या शेंगवर्गीय वनस्पतीतून ते वेगळे केले. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, बियांतून ते मिळविले. त्याचा औषध म्हणून उपयोग व्हायला मात्र आर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेंदूतील डोपामाइनचे महत्त्व दाखवून द्यावे लागले. या कार्यासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर व हॉर्निकिविच यांनी लेव्होडोपाची इंजेक्शने रुग्णांना देऊन पाहिली आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत ते देऊन टिकाऊ गुण दाखविला.

त्या काळी दिवसाला काही ग्रॅम एवढे नुसते लेव्होडोपा द्यावे लागे. त्यातील बहुतांश भागाचे रूपांतर मेंदूत पोहोचण्यापूर्वीच आतडी, यकृत व रक्तवाहिन्यांत डोपामाइनमध्ये होई. या वाया गेलेल्या डोपामाइनमुळे रुग्णाला मळमळ, उलट्या, हृदयाची धडधड व रक्तदाबातील घसरण सोसावी लागे. पुढे कार्बिडोपा आणि बेन्सेराझाइड ही जोड-द्रव्ये आली. ती मेंदूत शिरत नाहीत. मेंदूबाहेर लेव्होडोपाचे रूपांतर करणाऱ्या एंझाइमला तेवढे अडवितात. लेव्होडोपाची मात्रा त्यामुळे सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी करता आली. या जोडगोळीच्या एका प्रसिद्ध व्यापारी नावाची, सिनेमेट या नावाची, व्युत्पत्ती भाषेच्या अभ्यासकालाही आवडावी अशी आहे : लॅटिन ‘सिने’ म्हणजे ‘शिवाय’ आणि ‘एमेसिस’ म्हणजे ‘वांती’; अर्थात वांतीविरहित.

वांती कमी झाली तरी रक्तदाबाचा प्रश्न संपूर्णपणे सुटला नाही. मेंदूबाहेर थोडे डोपामाइन तयार होतच राहते. ते मूत्रपिंडे व आतड्यांच्या रक्तवाहिन्या सैल करते आणि मूत्रावाटे मीठ बाहेर टाकायला लावते. अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांवरील ग्राहींशी जोडले जाऊन ते नॉरॲड्रेनॅलिनच्या स्रवणालाही आवर घालते. शिवाय मेंदूत पोहोचलेल्या लेव्होडोपाचा रक्तदाब-नियंत्रक केंद्रांवर परिणाम होतो, तो कार्बिडोपाने थांबत नाही. बऱ्याच रुग्णांत हा त्रास उपचार सुरू करताना किंवा मात्रा वाढविताना जाणवतो व काही आठवड्यांत शरीर त्याला सरावते. म्हणूनच मात्रा हळूहळू वाढविण्याची पद्धत आहे.

येथे खाजकुइलीविषयी थोडे सांगणे भाग आहे. आयुर्वेदात कंपवातावर कवचबीज सांगितले आहे, आणि मुंबईत झालेल्या व १९७८ मध्ये न्यूरॉलॉजी इंडिया या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचा रुग्णांवर उपयोग तपासण्यात आला होता. बियांत लेव्होडोपा असल्याने गुण येणे नवलाचे नाही. मात्र ‘वनस्पती आहे, अपाय कसला?’ ही समजूत येथे लागू पडत नाही. चूर्णातील लेव्होडोपा आणि गोळीतील लेव्होडोपा हे एकच द्रव्य आहे. चूर्णात त्याचे प्रमाण बियागणिक बदलते आणि सोबत कार्बिडोपा नसते. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता चूर्णही घेतले, तर एकूण मात्रा किती झाली हे कोणालाच कळत नाही. रक्तदाब का उतरतो याचा शोध मग भलतीकडेच सुरू होतो.

डोपामाइनसदृश औषधे

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि त्वचेवर पट्टीच्या रूपात लावायचे रोटिगोटिन ही द्रव्ये स्वतः डोपामाइन नसली तरी त्याच्या ग्राहींवर त्याच्यासारखीच क्रिया करतात. रक्तदाब उतरविण्याच्या बाबतीत ती लेव्होडोपापेक्षा सामान्यतः अधिक त्रासदायक ठरतात. पहिल्या काही मात्रांनंतर भोवळ येण्याचे प्रसंग याच गटात विशेष आढळतात. म्हणून अगदी अल्प मात्रेपासून प्रारंभ करतात.

अपोमॉर्फिन हे या गटातील सर्वांत वेगवान औषध. त्वचेखाली टोचल्यावर काही मिनिटांत ते गुण देते आणि तितक्याच वेगाने रक्तदाब उतरवू शकते. त्यामुळे त्याची पहिली मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली, आडवे व उभे असे रक्तदाब मोजून देतात. त्याची मळमळ थांबविण्यासाठी ऑनडॅनसेट्रॉन हे आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे वांतिरोधक देऊ नये, कारण दोन्हींच्या संयोगाने रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळून शुद्ध हरपल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. त्याऐवजी डोम्पेरिडोन देण्याची रीत आहे. तेही हृदयाच्या विद्युत्-लयीवर परिणाम करीत असल्याने आधी ईसीजी काढणे इष्ट.

पायांवरील सूज आणि त्वचेवरील जाळी

डोपामाइनसदृश औषधे घेणाऱ्यांच्या घोट्यांवर व पावलांवर सूज येते; प्रामिपेक्सोलच्या बाबतीत ती विशेष नोंदली गेली आहे. ती काहींना उपचाराच्या आरंभी, तर काहींना कित्येक महिन्यांनी येते, आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर ओसरते. मूत्रल गोळ्यांनी ती फारशी हटत नाही. हा मुद्दा नीट लक्षात घेतला पाहिजे. सूज पाहून मूत्रल गोळी सुरू केली, तर सूज तशीच राहते, शरीरातील पाणी मात्र घटते आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब आणखी उतरतो. अर्थात प्रत्येक सूज औषधाचीच असते असे नाही. हृदय, मूत्रपिंडे, यकृत आणि नीलांमधील गुठळी यांची शक्यता आधी तपासावी लागते. एकाच पायाला अचानक, दुखरी सूज आल्यास तातडीने दाखवावे.

अमँटाडीन हे मुळात इन्फ्लुएंझावरचे औषध. फ्लू होऊ नये म्हणून ते घेणाऱ्या पार्किन्सनग्रस्त स्त्रीला आपला कंप व ताठरपणा कमी झाल्याचे जाणवले. तिने ते डॉक्टरांना सांगितले आणि १९६९ मध्ये बॉस्टनच्या श्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाच्या निरीक्षणातून औषधाचा नवा उपयोग सापडल्याचे हे उदाहरण आवर्जून सांगण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी त्याचा एक दृश्य परिणामही नोंदला गेला : पायांच्या त्वचेवर, कधी हातांवरही, मासे पकडण्याच्या जाळ्यासारखी जांभळट नक्षी. तिला लायव्हेडो रेटिक्युलॅरिस म्हणतात. त्वचेतील सूक्ष्म रोहिण्या आकसतात व नीलांत रक्त मंदावते, त्यामुळे ती उमटते. थंडीत अधिक गडद होते. स्त्रियांत ती अधिक आढळते. दिसायला ती भीतिदायक असली तरी औषधामुळे आलेली ही नक्षी सहसा निरुपद्रवी असते, आणि औषध थांबविल्यावर काही आठवड्यांत मावळते. तिच्या जोडीला घोट्यांवर सूजही येऊ शकते. गोऱ्या त्वचेवर ही जाळी चटकन दिसते; सावळ्या त्वचेवर ती तपकिरी व फिकट भासते आणि नजरेतून निसटते. औषधोपचारांच्या पुस्तकांतील चित्रे बहुतेक गोऱ्या रुग्णांचीच असल्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

अरगटजन्य औषधे आणि हृदयाच्या झडपा

राय नावाच्या धान्याच्या कणसांवर क्लॅव्हिसेप्स परपुरिया ही बुरशी वाढते. तिच्या काळ्या शिंगासारख्या गाठींना अरगट म्हणतात. मध्ययुगीन युरोपात अशा धान्याचा पाव खाऊन हजारो लोकांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या, बोटे काळी पडून झडली. त्या दाहक वेदनेला ‘संत अँथनीचा अग्नी’ असे नाव पडले होते. आपल्याकडे बाजरीवर येणारे अरगट निराळ्या जातीच्या बुरशीचे असते. त्यातील द्रव्येही निराळी असतात. १९५०च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्यात अशी बाजरी खाण्यात आल्याने विषबाधेची साथ आली होती. त्या बाजरीने बोटे झडत नाहीत, तर मळमळ, वांत्या, चक्कर व गुंगी येते.

या बुरशीतील द्रव्यांपासून प्रयोगशाळेत जी औषधे बनविण्यात आली त्यांपैकी ब्रोमोक्रिप्टिन, पर्गोलाइड व कॅबर्गोलिन ही डोपामाइनसदृश क्रियेमुळे पार्किन्सनच्या उपचारात आली. ब्रोमोक्रिप्टिनचा या रोगावरील उपयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अरगटाचा मूळ स्वभाव या औषधांत थोडाफार उतरलेला होता. जास्त मात्रेत थंडीने बोटे पांढरी पडत, तर काही रुग्णांची पावले लालभडक होऊन आग होत असे. फुप्फुसांच्या आवरणाखाली किंवा पोटाच्या मागील भागात तंतुमय ऊतक साचून मूत्रवाहिन्या व रक्तवाहिन्या दाबल्या जाण्याचे प्रकारही हळूहळू नोंदले जाऊ लागले.

खरा धक्का बसला तो २००७ च्या जानेवारीत. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले. इटलीतील अभ्यासात रुग्णांची इकोकार्डिओग्राफी करून झडपांतून रक्त उलटे गळते का, हे पाहिले होते. महत्त्वाची गळती पर्गोलाइड घेणाऱ्यांपैकी २३.४ टक्के व कॅबर्गोलिन घेणाऱ्यांपैकी २८.६ टक्के लोकांत आढळली. अरगटेतर औषधे घेणाऱ्यांत ती एकातही नव्हती, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात ५.६ टक्के होती. दुसरा अभ्यास ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांकडील नोंदींवर आधारलेला होता. त्यात अकरा हजारांवर रुग्णांची माहिती तपासून झडपांच्या विकाराचा धोका पर्गोलाइडने सुमारे सात पटींनी व कॅबर्गोलिनने सुमारे पाच पटींनी वाढतो असे दिसून आले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पर्गोलाइड अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले.

यामागील कारण डोपामाइन नसून सेरोटोनिन आहे. हृदयाच्या झडपांवरील पेशींत ५-एचटी २बी नावाचे सेरोटोनिन-ग्राही असतात. पर्गोलाइड व कॅबर्गोलिन ते चेतवितात. पेशी वाढू लागतात, झडपेची पाकळी जाड व ताठ होते आणि ती पूर्ण मिटत नाही. वजन घटविण्यासाठी वापरले जाणारे फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये याच कारणाने मागे घ्यावे लागले होते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी धडा मिळालेला होता. तो दुसऱ्या रोगाच्या औषधांना लावून पाहायला मात्र विलंब झाला. उलट, लिसुराइड हेही अरगटवर्गीयच, पण ते या ग्राहीला चेतवीत नाही, रोखते. आणि त्याने झडपा बिघडल्याचे दिसत नाही. त्यावरून दोष अरगटाच्या कुळाचा नसून ग्राहीशी होणाऱ्या विशिष्ट संबंधाचा आहे, हे स्पष्ट होते.

आज पार्किन्सनसाठी ही औषधे प्रथम पसंतीची राहिलेली नाहीत. काही कारणाने द्यावीच लागली तर आधी आणि नंतर ठरावीक काळाने इकोकार्डिओग्राफी करतात. कॅबर्गोलिन व ब्रोमोक्रिप्टिन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या विकारांत अजूनही वापरली जातात. तेथे कॅबर्गोलिनची मात्रा फार कमी असते, त्यामुळे पार्किन्सनच्या रुग्णांतील आकडे त्या रुग्णांना जसेच्या तसे लावून घाबरण्याचे कारण नाही.

एमएओ-बी रोधके : चढणारा आणि उतरणारा दाब

सेलेजिलिन, रासाजिलिन व सॅफिनामाइड ही औषधे डोपामाइनचे विघटन करणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेझ-बी या एंझाइमला रोखतात. त्यांच्याविषयी सर्वश्रुत भीती आहे ती रक्तदाब एकाएकी चढण्याची. या कुळातील जुन्या, नैराश्यावरील औषधांसोबत मुरवलेले चीज खाल्ल्यास त्यातील टायरामीन आतड्यात नष्ट न होता रक्तात शिरे व रक्तदाब भयंकर वाढे. आतड्यातील टायरामीन मुख्यतः ए-प्रकारचे एंझाइम नष्ट करते. पार्किन्सनची औषधे नेमून दिलेल्या मात्रेत फक्त बी-प्रकाराला अडवितात. सेलेजिलिन दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर नेहमीच्या आहारावर बंधन घालावे लागत नाही. आपल्या ताज्या पनीरला तर हे भय मुळातच नाही, कारण टायरामीन तयार होते ते दीर्घकाळ मुरविण्याच्या क्रियेत. खरी काळजी औषधांच्या संगतीची घ्यावी. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन व फेनिलेफ्रिन, खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल व पेथिडीन यांच्याशी या गटाचे जमत नाही. दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्दीची गोळी आणण्याची सवय येथे महागात पडू शकते.

दाब चढण्याची ही भीती सगळ्यांना ठाऊक असते, पण व्यवहारात सेलेजिलिन घेणाऱ्यांत उभे राहिल्यावर दाब उतरणेच अधिक आढळते, विशेषतः लेव्होडोपासोबत.

होमोसिस्टीनचा प्रश्न

लेव्होडोपाच्या काही भागावर कॉम्ट नावाचे एंझाइम मिथिल गट जोडते. या क्रियेत शरीरातील मिथिल-दाता द्रव्य खर्च होते व उप-उत्पादन म्हणून होमोसिस्टीन तयार होते. रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले असणे आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा संबंध पाहण्यांतून दिसला आहे. मात्र जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरविल्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात असे सर्वसामान्य रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. म्हणून लेव्होडोपाने रक्तवाहिन्यांचे रोग होतात, असे विधान करणे घाईचे ठरेल.

तरीही महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने या विषयाला एक बाजू आहे. होमोसिस्टीनचा निचरा होण्यासाठी ब-१२, फोलेट व ब-६ ही जीवनसत्त्वे लागतात, आणि शाकाहारात ब-१२ अल्प मिळते. पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडवस्तीतील व मध्यमवर्गीय पुरुषांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांत ब-१२ ची पातळी कमी आढळली होती. अशा व्यक्तीला लेव्होडोपा सुरू झाले की होमोसिस्टीन आणखी वाढते. शिवाय ब-१२ च्या अभावाने पायांच्या तंत्रिका बधिर होतात व तोल जातो. रोगानेही तोल जातोच. ही रक्ततपासणी साधी असून उणीव भरून काढणेही सोपे आहे.

ओळख

घरी रक्तदाबमापक असल्यास ही अवस्था ओळखता येते. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब व नाडी मोजावी. नंतर उभे करून एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. जवळ आधार देणारा माणूस असावा. सकाळी उठताना, जेवणानंतर व औषधानंतर घेतलेल्या नोंदी वेळेसह लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. नाडीची नोंदही उपयोगी असते. तंत्रिका दुबळ्या असतील तर दाब उतरूनही ठोके फारसे वाढत नाहीत. दाब जितके मिलिमीटर उतरला त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढतात. नुसते पाणी कमी पडले असेल तर ठोके भरपूर वाढतात.

याच नोंदींतून दुसरी, विरुद्ध दिशेची अडचणही उघड होते. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत आडवे असताना रक्तदाब वाढलेला असतो. रात्रभर चढलेल्या दाबामुळे मूत्रपिंडे जास्त पाणी व मीठ बाहेर टाकतात, रुग्ण वारंवार लघवीला उठतो, पहाटेपर्यंत शरीरातील द्रव घटतो आणि सकाळी उभे राहताच दाब कोसळतो. दुपारी आडवा असताना मोजलेला चढा दाब पाहून उच्च रक्तदाबाची गोळी वाढविली, तर हे चक्र आणखी बिघडते.

उपाय

पहिले काम रुग्णाच्या सर्व औषधांची यादी तपासण्याचे. उच्च रक्तदाबावरील जुनी गोळी, मूत्रल औषधे, प्रोस्टेटसाठीचे टॅमसुलोसिन, काही नैराश्यरोधके, सिल्डेनाफिल यांपैकी एखादे पार्किन्सनच्या औषधापेक्षा मोठे अपराधी असते. दोन-तीन डॉक्टरांकडे स्वतंत्रपणे उपचार घेणाऱ्या ज्येष्ठांत हे विशेष घडते. कोणालाच सगळी यादी ठाऊक नसते. पार्किन्सनचे औषध मात्र रुग्णाने स्वतःहून एकाएकी बंद करू नये. लेव्होडोपा अचानक थांबविल्यास तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा व शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. मात्रा विभागून देणे, डोपामाइनसदृश औषध हळूहळू उतरविणे, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

साध्या उपायांचा गुण कमी लेखू नये. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसून पावले वर-खाली हलवावीत, मग उभे राहावे. उभे असताना अंधारी आली तर पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळाव्यात, नाहीतर लगेच बसावे. सुमारे अर्धा लिटर पाणी भराभर प्यायल्यास अशा रुग्णांचा दाब काही मिनिटांत वाढतो व साधारण तासभर टिकतो. सकाळी उठण्यापूर्वी हा उपाय विशेष उपयोगी पडतो. एकदम भरपेट न जेवता थोडे थोडे खावे. पोटाला बांधायचा घट्ट पट्टा दिवसा उभे असताना वापरावा, आडवे होताना सोडावा. पायमोज्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक, कारण रक्त पायांपेक्षा पोटातच जास्त साचते. पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा ते नऊ इंचांचे ठोकळे ठेवल्यास रात्रीचा चढा दाब व वारंवारची लघवी दोन्ही कमी होतात. नुसत्या उशा वाढविल्याने हा परिणाम साधत नाही. मान तेवढी वाकते. मीठ वाढविण्याचा सल्ला काहींना दिला जातो, पण हृदय किंवा मूत्रपिंडांचा विकार असल्यास तो घातक आहे.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते. त्याने पोटॅशियम उतरते व सूज येऊ शकते. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्याची शेवटची मात्रा झोपण्यापूर्वी किमान चार तास घेतात, अन्यथा आडवे असताना दाब चढतो. ड्रॉक्सिडोपा शरीरात नॉरॲड्रेनॅलिनमध्ये रूपांतरित होते, म्हणजे तंत्रिकांतून जे उणे झाले तेच भरून देते. ते जपानमध्ये १९८९ पासून वापरात आहे. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली, आडवे असताना रक्तदाब वाढण्याचा ठळक इशारा वेष्टनावर छापण्याच्या अटीसह.